परसबाग : खत घालूनही रोपे खुरटलेली का राहतात?

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की सोलापुरातल्या गच्च्यांवरच्या आणि परसातल्या बागांना खरा हुरूप येतो आणि त्याच सुमारास या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे : रोप मरत नाही, पण वाढतही नाही. बहुतेक वाचकांनी त्यावर खताचा उपाय करून पाहिला आहे आणि तो लागू पडलेला नाही. माझ्या अनुभवात आपल्याकडचे खुरटलेले रोप क्वचितच उपाशी असते. मुळांशी साचलेले क्षार, मातीतली चुनखडी किंवा पाण्याच्या पाळ्यांमधली ओढाताण यांच्यामुळे त्याला समोर असलेले अन्न घेता येत नाही. म्हणून खालील उत्तरांत मी आधी पाणी आणि माती पाहायला सांगितले आहे आणि खताचा विचार त्यानंतर केला आहे.

प्रश्न : आमच्या गच्चीवर वीस-बावीस कुंड्या आहेत. मिरची, वांगी, घेवडा आणि पालक लावला आहे. बोअरचे पाणी फार जड असल्याने घरात पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र बसवले आहे. त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते साठवून आम्ही झाडांना घालतो. शेणखत, गांडूळखत, विद्राव्य खत असे सर्व देऊन झाले. तरीही मिरची-वांग्याच्या पानांच्या कडा करपतात आणि घेवडा वीतभर होऊन थांबला आहे. कुंड्यांच्या काठाशी पांढरा थर जमतो. आमचे काय कमी पडते आहे? — एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : पाणी वाया जाऊ नये ही आपली काळजी सोलापुरात राहणाऱ्या कोणालाही पटेल अशीच आहे, परंतु आपल्या बागेचा त्रास नेमका त्याच पाण्यातून आला आहे. काठाशी जमणारा पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार होत. शुद्धीकरण यंत्रात चार लिटर पाणी शिरून एक लिटर पिण्याचे निघाले, तर त्या चार लिटरांतले जवळजवळ सर्व क्षार उरलेल्या तीन लिटरांत उतरतात. म्हणजे मुळात जड असलेले बोअरचे पाणी आणखी एकतृतीयांशाने जड होऊन आपल्या कुंड्यांत जाते. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. समजा आपल्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार आहेत आणि मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी लागते, तर महिन्याकाठी साठ ग्रॅम क्षार त्या एका कुंडीत जातात. कुंडीच्या तळातून पाणी वाहून गेले नाही, तर ते सगळे तिथेच राहतात.

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की फोडींना पाणी सुटते, हे आपण दर वर्षी पाहता. खारावलेल्या मातीत मुळांची अवस्था तशीच होते. माती ओली दिसत असूनही मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते, पानांच्या कडा आणि टोके करपतात आणि वाढ थांबते. अशा वेळी विद्राव्य खत दिले तर क्षारांचा भार आणखी वाढतो, कारण ते खतही क्षारच आहे. घेवडा हे क्षार सर्वांत कमी सोसणाऱ्या भाज्यांपैकी एक असल्यामुळे तो सर्वांआधी थांबला. पालक आणि बीट पुष्कळ सोसतात. आपल्या पत्रात पालकाविषयी एकही तक्रार नाही, हे मला या निदानाला पुष्टी देणारे वाटते.

आता करण्यासारखे काय आहे ते सांगतो. खाली सांगितलेल्या मिश्रणातले कुजलेले खत सोडून सर्व खते दीड महिना पूर्णपणे थांबवावीत. क्षार बाष्पीभवनाबरोबर वर चढून मातीच्या वरच्या थरात साचतात, म्हणून प्रत्येक कुंडीतील वरची दोन-तीन इंच माती हलक्या हाताने काढून तिच्या जागी नवी माती आणि चांगले कुजलेले खत यांचे मिश्रण भरावे. क्षार पूर्ण धुवायचे असतील तर कुंडीतील मातीच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्यावे लागते. दहा लिटर मातीला वीस लिटर पाणी, असा हिशेब बावीस कुंड्यांना आपल्या शहरात परवडणारा नाही. म्हणून नळाला पाणी येण्याच्या दिवशी, भांडी रिकामी करण्याच्या निमित्ताने, सर्वांत वाईट अवस्थेतल्या दोन-तीन कुंड्या तेवढ्या धुवाव्यात. बाकीच्या कुंड्या पुढच्या पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या जोराच्या पावसात, तळाची छिद्रे मोकळी करून उघड्यावर ठेवाव्यात. हे काम पाऊस फुकट करतो आणि आपल्यापेक्षा चांगले करतो.

पुढे यंत्राचे टाकाऊ पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरावे. झाडांना नळाचे पाणी, तांदूळ-डाळी धुतलेले मीठ न पडलेले पाणी आणि घरात वातानुकूलन यंत्र असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारे, जवळजवळ क्षारविरहित पाणी द्यावे. पाणी मऊ करण्याचे वेगळे उपकरण कोणी बसवले असेल, तर त्याचे पाणी मात्र झाडांना अजिबात देऊ नये, कारण ते कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडते आणि सोडियम मातीची घडण बिघडवतो. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम आहेत ते, मोजण्याचे लहान यंत्र स्वस्तात मिळते. आकडा साडेचारशेच्या आत असेल तर सर्व भाज्यांना ते पाणी चालते. दोन हजारांच्या वर गेला तर ते पाणी कुंडीसाठी नाहीच असे समजावे. मधल्या आकड्यांच्या पाण्यात घेवडा, कांदा, गाजर टाळून पालक, बीट लावावेत आणि दर वेळी थोडे पाणी तळातून वाहू द्यावे. अशा कुंड्यांखाली ताटल्या ठेवू नयेत, कारण वाहून गेलेले क्षारयुक्त पाणी ताटलीतून माती पुन्हा वर ओढून घेते.

प्रश्न : माझा कढीपत्ता तीन वर्षांचा आहे. नवी पाने पिवळी येतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बंबातील राख आणि अंड्यांची टरफले मी नियमितपणे मुळाशी घालतो. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ताकही घातले. फरक पडला नाही. — एक निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता

उत्तर : आपण पानांचे वर्णन इतके नेमके केले आहे की निदान करणे सोपे झाले. पिवळेपणा नव्या पानांत आहे की जुन्या, हाच प्रश्न अशा वेळी आधी विचारायचा असतो. नत्र झाडात एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकते, म्हणून ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्यांना देते आणि खालची पाने सरसकट पिवळी होतात. लोह तसे हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव कोवळ्या पानांत दिसते आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. आपल्या कढीपत्त्याला लोह मिळत नाही.

मातीत लोह नाही असे मात्र नाही. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेल्या आपल्या मातीत लोह भरपूर असते, पण तिच्यात चुनखडीही असते आणि तिचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा पीएचचा आकडा, बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. राख अल्कधर्मी आहे आणि अंड्याचे टरफल म्हणजे चुनाच आहे. आपण प्रेमाने जे घालत आलात त्याने अडचणीतच भर पडली, हे लिहिताना मला वाईट वाटते. त्यात आपली चूक नाही. राख आणि टरफले घालण्याचा सल्ला आम्लधर्मी जमिनीसाठी चांगला आहे. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत त्याने रोप तरारते. तोच सल्ला जमीन न पाहता सगळीकडे पसरतो आणि चुनखडीच्या मुलखात नुकसान करतो.

खात्री करण्यासाठी परसातील चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बारीक फेस येऊन फसफसले तर मातीत चुनखडी आहे. ताकाविषयी म्हणाल तर बिनमिठाचे पातळ ताक महिन्यातून एकदा दिल्याने अपाय नाही, पण एवढ्या चुनखडीपुढे त्याचे आम्ल टिकत नाही. गंधकाचाही परिणाम याच कारणाने फार हळू आणि थोडा होतो.

तात्पुरता उपाय फवारणीचा आहे. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून मग तीन ते पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घालावे आणि गाळून संध्याकाळी पानांवर फवारावे. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा हे केले की नवी पालवी हिरवी येते. त्या काळात पाने स्वयंपाकात वापरू नयेत आणि पुढेही धुऊनच वापरावीत. मातीतून लोह द्यायचे असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह) विकत घेताना पुड्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेले आहे का ते पाहावे. ‘ईडीटीए’ लिहिलेले स्वस्त असते, परंतु आपल्यासारख्या अल्कधर्मी मातीत ते फार काळ टिकत नाही. कायमचा उपाय सेंद्रिय पदार्थांचा आहे. दर तीन महिन्यांनी घमेलेभर कुजलेले शेणखत खोडापासून फूटभर अंतरावर मिसळत गेल्यास मुळांभोवतीचा पट्टा हळूहळू सुधारतो. डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता थंडीमुळे जवळपास झोपतो. त्या काळात वाढ दिसली नाही म्हणून उपाय फसला असे मानू नये, फेब्रुवारीच्या अखेरची पालवी पाहून ठरवावे.

प्रश्न : टोमॅटोची झाडे चांगली उंच आहेत, परंतु फळ लिंबाएवढे झाले की त्याचा खालचा भाग काळा पडून बसतो. कॅल्शियम कमी असल्याचे कोणी सांगितले, म्हणून खडूची पूड घातली. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या दिवशी कुंड्या भरपूर भिजवतो. — एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : फळाच्या बुडाशी कॅल्शियम पोहोचत नाही, हे आपल्याला सांगितले गेले ते खरे आहे. पण मातीत ते मुबलक आहे, त्यामुळे खडूची गरज नव्हती. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढते. पाने सतत बाष्प सोडत असल्याने त्यांच्याकडे ओढ जास्त असते आणि फळ फार थोडे बाष्प सोडते. माती कोरडी पडली की जे थोडे पाणी चढते ते पाने ओढून घेतात आणि फळाचे टोक उपाशी राहते. नळ येईल त्या दिवशी चिंब आणि नंतर तीन दिवस कोरडी ठणठणीत, अशी कुंडीची स्थिती राहिली तर कोणतीही पूड उपयोगी पडणार नाही. काळी पडलेली फळे तोडून टाकावीत, ती सुधारत नाहीत.

एकूण पाणी वाढवण्याची गरज नाही, ते वाटून देण्याची आहे. टोमॅटोला निदान चौदा-सोळा इंच रुंद आणि तितकीच खोल कुंडी असावी, कारण लहान कुंडीत ओल टिकतच नाही. मातीवर तीन बोटे जाडीचे आच्छादन घालावे. ज्वारीच्या कडब्याचे तुकडे किंवा उसाचे पाचट आपल्या जिल्ह्यात कोठेही मिळते. शेंगा घरी फोडणाऱ्या घरांत टरफलांची तर कमतरताच नसते, आणि माझ्या मते कुंडीसाठी शेंगांच्या टरफलांइतके सोयीचे आच्छादन दुसरे नाही : ती उडत नाहीत, पाणी अडवत नाहीत आणि वर्षभरात कुजून मातीत मिसळतात.

मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात मातीचे लहान मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे आणि वर झाकण ठेवावे. त्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते आणि मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. जुना माठ वापरायचा असेल तर एक पारख करून घ्यावी. ज्या माठात पाणी गार होत नाही त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, तो जमिनीतही झिरपणार नाही. लहान कुंड्यांसाठी बाटलीतून वातीने पाणी देता येते. वातीला शुद्ध सुती कापड हवे, आणि फाटलेल्या सोलापुरी टॉवेलची लांब पट्टी त्यासाठी उत्तम चालते. पाणी साठवण्याचे पिंप कापडाने घट्ट बांधून झाकावे, कारण डेंग्यूचे डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात.

आणखी एक सूचना पुढच्यासाठी देतो. मार्चनंतर दिवसाचे तापमान पस्तीस अंशांवर जाऊ लागले आणि रात्रीही उकाडा राहू लागला की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. तो खताचा दोष नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टोमॅटोचा हट्ट सोडून गवार, भेंडी, चवळी आणि तांदुळजा लावावा.

प्रश्न : कोथिंबीर कधी उगवतच नाही आणि उगवली तर चार पानांवरच फुलावर येते. — एक वाचक, शेळगी

उत्तर : आपण जो धणा पेरतो तो एक दाणा दिसला तरी त्याच्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलका दाब देऊन धणे फोडावेत, त्यांचा चुरा होऊ देऊ नये, आणि रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरावेत. वाण्याकडचे धणे किती जुने आहेत हे कळत नाही, म्हणून त्यातले वीस दाणे फोडून आधी ओल्या फडक्यात ठेवून पाहावेत. काळ्या मातीवर पाणी सुकले की कडक पापुद्रा धरतो आणि कोवळा कोंब त्याखाली दबून जातो. म्हणून बियांवर माती न टाकता चाळलेले गांडूळखत पसरावे आणि ओले गोणपाट झाकावे. आठव्या दिवसापासून रोज उचलून पाहावे आणि पहिला कोंब दिसताच गोणपाट काढून टाकावे. बहुतेक जण पाचव्या-सहाव्या दिवशी निराश होऊन वाफा उकरतात, कारण मेथी तोवर उगवलेली असते. कोथिंबिरीला तिच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

लवकर फुलावर येण्याचे मुख्य कारण उष्णता आहे. मुळे दुखावणे आणि माती कोरडी पडणे ही पुढची कारणे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. उन्हाळ्यात हवीच असेल तर पन्नास टक्के सावली देणाऱ्या जाळीखाली पेरून कोवळी असतानाच उपटून घ्यावी, तिला मोठी होऊ देण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : मिरचीची पाने वळून बोकड्या झाला आहे. दर आठवड्याला औषध फवारतो. — एक वाचक, मजरेवाडी

उत्तर : ‘बोकड्या’ हे नाव आपण तीन वेगवेगळ्या त्रासांना देतो आणि म्हणूनच औषध चुकते. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार आला असेल तर फुलकिडे असण्याचा संभव मोठा आहे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास बारीक पिवळसर किडे पळताना दिसतात. कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान अरुंद आणि जाडसर झाले असेल तर तो कोळ्यांचा, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या अतिसूक्ष्म ‘माइट’ जिवांचा, उपद्रव असतो. कोळी कीटक नसल्यामुळे त्यांच्यावर नेहमीची कीटकनाशके चालत नाहीत, उलट त्यांना खाणारे मित्रकीटक मरून कोळी वाढतात. आपल्या साप्ताहिक फवारणीने असे झाले असण्याची शक्यता मला दिसते. पाने लहान, पिवळट आणि गुच्छासारखी होऊन झाड पूर्ण थांबले असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू समजावा. त्यावर औषध नाही. असे झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतील.

पहिल्या दोन त्रासांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून पिळून एक लिटर पाणी करावे आणि चिमूटभर साबण मिसळून ऊन कलल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. अर्क त्याच दिवशी संपवावा. कोळी फारच असतील तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात चालते, मात्र कडक उन्हात आणि उन्हाळ्यात ते फवारू नये, पाने भाजतात.

प्रश्न : नवे घर बांधल्यावर मागच्या मोकळ्या जागेत वांगी, भेंडी, पालक लावला. पावसाळ्यात सर्व पिवळे पडले आणि पाऊस थांबल्यावर जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. माती हलकी करण्यासाठी वाळू टाकावी का? — एक दांपत्य, विजापूर रस्ता

उत्तर : वाळू टाकू नये. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की ती विटेसारखी घट्ट होते, आणि उपयोग व्हावा इतकी वाळू टाकणे परवडत नाही. काळ्या मातीचा स्वभाव भिजल्यावर फुगण्याचा आणि सुकल्यावर आकसण्याचा आहे. फुगलेल्या मातीत हवा उरत नाही, त्यामुळे मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी होतात, तर भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. आपल्या पिकांनी एकाच हंगामात हे दोन्ही सोसले.

नव्या घराच्या बाबतीत मला आणखी एक शंका येते. बांधकामाच्या वेळी सिमेंट कालवले ती जागा, चुन्याची डबकी, प्लास्टरचे तुकडे हे सर्व बहुधा मागच्या अंगणातच गाडले जाते आणि वर मुरूम टाकून सपाटी केली जाते. दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेऊन आत काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. राडारोडा निघाला तर तेवढा भाग उपसून काढण्याला पर्याय नाही. त्याच खड्ड्यात पाणी भरावे, ते जिरल्यावर पुन्हा भरावे. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही पाणी उतरले नाही तर निचरा नाही असे समजून फूटभर उंचीचे आणि तीन-चार फूट रुंदीचे गादीवाफे करावेत. एवढ्या रुंदीच्या वाफ्यात दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, त्यामुळे आत पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही.

वाफ्यात दर चौरस फुटाला किलो-दीड किलो कुजलेले शेणखत मिसळावे. हाताला गरम लागणारे किंवा वास मारणारे शेण कच्चे समजावे. चोथा, लाकडाचा भुसा अशा न कुजलेल्या वस्तू मातीत मिसळू नयेत, कारण त्या कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि रोपे पिवळी पडतात. त्या वस्तू वर आच्छादन म्हणून चालतात. पुढच्या जूनमध्ये मोकळ्या भागात ताग पेरून दीड महिन्याने, फुले दिसू लागताच, जमिनीत गाडावा. माती मोकळी करण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

काळ्या मातीत काम वापसा आल्यावरच करावे. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावी आणि बोटाने टोचताच फुटावी, हा वापसा. ओल्या मातीत कुदळ घातली तर तिची ढेकळे वर्षभर फुटत नाहीत. पाऊस थांबल्यावर खुरप्याने वरची दोन इंच माती हलवत राहिल्यास भेगा बुजतात आणि ओल खाली टिकते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे आपल्या शेतकऱ्यांचे म्हणणे परसातही तितकेच लागू आहे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालत आले आहे आणि जमिनीतली ओल टिकवणे हाच त्याचा गाभा राहिला आहे.

जिप्सम टाकण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. त्याचा उपयोग मातीत सोडियम वाढले असेल तरच होतो, म्हणून आधी माती तपासून घ्यावी. चार-पाच ठिकाणची सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, त्यातली अर्धा किलो कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. अहवालात सामू, विद्युतवाहकता (हिच्यावरून क्षार कळतात), सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे चार आकडे प्रथम पाहावेत. हे पैसे खताच्या एका पिशवीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : वाड्याच्या चौकात ऊन जेमतेम दोन-तीन तास येते. वांग्याची रोपे लांबलचक आणि फिकी झाली आहेत. कोणते खत द्यावे? — एक वाचक, साखर पेठ

उत्तर : कोणतेही खत देऊ नये. वांगी, मिरची, टोमॅटो यांना निदान सहा तास थेट ऊन लागते आणि खताने उन्हाची जागा भरून निघत नाही. कमी उजेडात नत्र दिले तर खोड आणखी लांब आणि कमकुवत होते. त्या चौकात पुदिना आणि पानओवा चांगला येईल, पालकही थोडा सावकाश येईल. पुदिन्याची वाढ पुढे थांबली तर कुंडी उलटी करून पाहावी. मुळांची गच्च जाळी झालेली दिसेल. ती चार भागांत कापून नव्या मातीत लावली की पंधरवड्यात पुन्हा फुटते. वांग्याची रोपे गच्चीवर जागा असलेल्या शेजाऱ्यांना द्यावीत.

प्रश्न : दुधीचा वेल मांडवभर पसरला आहे, फुले रोज येतात, पण फळ एकही टिकत नाही. मुळाशी शेंगदाण्याची पेंड घालतो. — एक वाचक, बाळे

उत्तर : आपल्या वेलाला वाढ कमी नाही, जास्त आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे सात टक्के नत्र असते आणि नत्र वाढले की वेल पाने आणि नर फुले काढत राहतो. पेंड महिनाभर बंद करावी आणि मुख्य वेलाचा शेंडा खुडावा, कारण दुधीची मादी फुले बहुतांशी बाजूच्या फांद्यांवर येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दुधी असतो, नर फुलाच्या मागे नुसता लांब देठ असतो. अशी मादी फुले येऊन गळत असतील तर परागीकरण होत नाही असे समजावे. काकडी आणि लाल भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, परंतु दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात आणि पतंगांवर भिस्त राहते. शहरात तेही कमी झाले आहेत. सूर्य मावळल्यावर नुकते उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद दोन-तीन वेळा टेकवावा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरते. तीन-चार दिवसांत मागचा दुधी फुगू लागला आणि त्याची लव चमकदार राहिली, तर फळ धरले. तो पिवळा पडून सुरकुतला तर दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या फुलावर पुन्हा करावे, आणि त्या आठवड्यात वेलाचे पाणी एकही दिवस चुकू देऊ नये.